ट्वायलाचा शिवलेला खडक

डेल्मर स्टॉडर्डने उभ्या आयुष्यात जेवढे शब्द खर्च केले असतील, तेवढे मी पोस्टात पाकीट आणायला गेले की खर्च करून येते. हे माझं म्हणणं नाही, त्याच्या बायकोचं, ट्वायलाचं. ती हे माझ्यासमोर म्हणायची, त्याच्यासमोर म्हणायची, आणि चर्चच्या जेवणात बटाट्याच्या सॅलडचं भांडं कमरेवर टेकवून सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असं म्हणायची, "याला बोलतं करायचं तर सुरुंग लावावा लागतो!" डेल्मर पुढ्यातलं कणीस खात राहायचा. फक्त कान लाल व्हायचे.

पण माणूस कामाचा. आमच्या खिंडीतली निम्मी धुराडी त्याच्या हातची. त्याने बांधलेल्या धुराड्याचा धूर वर जातो. इतरांनी बांधलेल्याचा कुठे जातो ते हिवाळ्यात आमच्याकडे येऊन बघावं. आमचं धुराडं माझ्या नवऱ्याच्या, क्लाइडच्या, मावसभावाने बांधलंय. जानेवारीत आम्ही दोघं स्वयंपाकघरात डोळे पुसत बसलेलो असतो आणि येणारा जाणारा विचारतो, काय झालं, कोण गेलं?

स्टॉडर्डांचं घर आमच्या समोर, चढावर. घराच्या मागे एक मोठा खडक आहे. गुलाबी ग्रॅनाइट, इकडे सगळीकडे असतो तसाच; पाऊस आणि बर्फ खाऊन खाऊन त्याची खडी होते आणि ती आपल्या बुटात शिरते. पण या खडकाच्या बरोबर मधून, वरपासून जमिनीत जाईपर्यंत, तळहाताएवढा रुंद एक गडद लाल पट्टा उतरलेला. ग्रॅनाइट नव्हे, वाळूचा दगड. हात फिरवला तर कळतं, बाजूचा ग्रॅनाइट खरबरीत आणि सुटा सुटा, आणि हा लाल पट्टा घट्ट, गुळगुळीत. ट्वायला लग्न होऊन आली तेव्हाच म्हणाली होती, "अरे, हा तर कुणीतरी शिवलाय." तेव्हापासून त्याचं नाव शिवण.

डेल्मरला त्या खडकातून दारापुढच्या पायऱ्या काढायच्या होत्या. पाथरवटाच्या दारात लाकडी पायऱ्या, म्हणजे न्हाव्याची दाढी वाढलेली. त्याने एकदा छिन्नी घेतली, तर ट्वायला खडकासमोर खुर्ची टाकून बसली आणि मटार सोलू लागली. मटार संपले तर बटाटे घेतले. संध्याकाळपर्यंत उठली नाही. पायऱ्या आजही लाकडाच्या आहेत. एक तर हलते.

मग एका उन्हाळ्यात कॉलेजातली एक बाई आली, मॅरिसोल नाव, खडकांचा अभ्यास करणारी, गळ्यात भिंग, पायात माझ्या क्लाइडपेक्षा मोठे बूट. तिने शिवण बघितली आणि गुडघ्यांवर बसली. मी त्या वेळी अंडी मागायला गेले होते. माझ्या घरात अंडी होती, पण गाडी कुणाची आलीय ते बघायला नको का?

ट्वायलाने विचारलं, "हे ज्वालामुखीचं आहे ना? डेल्मर म्हणतो, म्हणजे म्हणत नाही, पण त्याला तसं वाटतं."

मॅरिसोल हसली. म्हणाली, "नाही हो. ही साधी वाळू. इथे कधीकाळी ग्रॅनाइटच्या वर ओली वाळू पसरलेली होती, अजून दगड न झालेली. मग भूकंप झाला. मोठा. ग्रॅनाइट फाटला, आणि वरची ओली वाळू हलून हलून पातळ झाली, पाण्यासारखी, आणि दाबाने त्या फटीत घुसली. मुठीत ओलं पीठ दाबलं की बोटांच्या मधून येतं ना, तशी."

"किती वर्षं लागली?"

"घुसायला? काही क्षण. जमीन थांबली की सगळं संपलं. फट मिटायला बघते, पण मिटू शकत नाही, आत वाळू बसलेली असते. मग दगड व्हायला हवा तेवढा वेळ."

ट्वायलाने डेल्मरकडे बघितलं. तो लाकडं रचत होता आणि ऐकत नसल्याचं दाखवत होता. ती म्हणाली, "म्हणजे आमचं लग्नच की गं! हा माणूस जन्मात एकदाच फाटला, आणि तेवढ्यात मी आत शिरले."

मॅरिसोल हसून हसून खडकाला टेकली. डेल्मरच्या हातातलं लाकूड पडलं.

ती गोष्ट खरी आहे, आणि मला ती पूर्ण माहीत आहे, कारण मी विचारते. डेल्मरचा थोरला भाऊ क्रिपल क्रीकच्या खाणीत अपघातात गेला. दफन झालं, तेव्हा डेल्मरच्या डोळ्यात टिपूस नव्हतं. दुसऱ्या दिवशी हा गावातल्या खानावळीत एकटा जाऊन बसला. ट्वायला तिथे वाढायची, आणि तिथला पाय, म्हणजे आत फळं भरून भाजलेला गोड पदार्थ, नावाजलेला. तिने विचारलं, "पाय कुठला देऊ? चेरीचा आहे, सफरचंदाचा आहे." तर हा म्हणाला, "भावाला चेरीचा आवडायचा," आणि टेबलावर डोकं टेकून असा रडला की स्वयंपाक्याने आतला रेडिओ बंद केला. ट्वायलाने हातातली किटली खाली ठेवली आणि त्याच्या बाकावर, त्याच्या शेजारी बसली. गिऱ्हाइकं हाका मारत होती. उठली नाही. तिचं हेच आयुष्यभर होतं, बसली की बसली. नंतर डेल्मर मिटला तो मिटलाच, पण तोवर ती आत होती.

मूल झालं नाही त्यांना. त्याबद्दल मी विचारलं नाही. मलाही काही गोष्टी कळतात.

ट्वायलाच्या फुप्फुसांचं कधी सुरू झालं ते सांगता येत नाही. आधी ती आमच्या चढावर मध्येच थांबून फुलं बघू लागली. मी म्हटलं, "काय गं, आता म्हातारपणी फुलांचं वेड?" म्हणाली, "गप गं बोनी, श्वास घेतेय." मग बोलता बोलता वाक्य अर्धं सोडू लागली, आणि ट्वायला वाक्य सोडते म्हणजे प्रकरण गंभीर. नाकाला ऑक्सिजनची नळी आली. मग डॉक्टरने ते सांगितलं जे ऐकायची आमच्या खिंडीत प्रत्येक म्हाताऱ्याला भीती असते: खाली उतरा. इथे हवा विरळ. या फुप्फुसांना इथली हवा पुरणार नाही. खाली सपाटीवर गेलात तर वर्षं मिळतील, इथे राहिलात तर एक हिवाळासुद्धा नाही.

आमच्याकडे 'खाली गेले' असं म्हटलं की लोक आवाज कमी करतात. खाली गेलेलं माणूस परत वर आलेलं मी तरी बघितलेलं नाही.

ट्वायला म्हणाली, "मी जाते. पण बरी होऊन परत येणार. माझ्या खोलीत तुझं सामान टाकायचं नाही, डेल्मर. आणि खडकाला हात लावायचा नाही."

तिच्या भाचीने सपाटीवरच्या प्वेब्लो शहरात तळमजल्यावर दोन खोल्या बघून दिल्या. ट्वायला मार्चमध्ये गेली. डेल्मर गेला नाही. म्हणजे पोचवायला गेला आणि दर रविवारी जायचा, पण राहिला वरच. कारण विचाराल तर, कोंबड्या. पाइप. मार्चमध्ये शेगडी विझली तर पाणी गोठून पाइप फुटतात. घेतलेली दोन कामं. आणि खरं म्हणजे सपाटीवर तो माणूस मावत नव्हता. तिथे त्याला दारात उभं राहिलं की कुठे बघावं तेच कळायचं नाही. ट्वायलाच म्हणाली, "तू जा बाबा, तू इथे बसलास की मला वाटतं एखादं कपाट घेतलंय." असं ती म्हणाली. म्हणजे तिला तसंच हवं होतं असं नव्हे. पण डेल्मर सांगितलं तेवढंच ऐकणारा.

रोज संध्याकाळी फोन. मी काही कान लावून ऐकायचे नाही. त्यांची खिडकी उघडी असायची आणि मी त्याच सुमारास खिडकीखाली त्यांच्या टोमॅटोला पाणी घालायचे. डेल्मरच्या बाजूचं संभाषण असं:

"हं."

"हं."

"अंडी देतायत."

"आहे."

हे शेवटचं 'आहे' म्हणजे शिवण. ती रोज विचारायची, माझा खडक आहे ना? आणि हा सांगायचा, आहे. कधी 'आहे'च्या आधी तो दाराबाहेर जाऊन बघून यायचा. मी म्हटलं, "अहो डेल्मर, तो कुठे जाणार आहे?" तर म्हणाला, "विचारते ती."

आता इथे गवंडी माणसाचं डोकं समजून घेतलं पाहिजे. तुम्हाआम्हाला खडक म्हणजे जागा वाटते. गवंड्याला खडक म्हणजे सामान. दगड आहे इथे आणि लागतोय तिथे, तर न्यायचा, याचसाठी त्याचे हात. ट्वायला रोज दगडाची आठवण काढते, ट्वायला दगडाकडे येऊ शकत नाही. डेल्मरच्या डोक्यात याचं एकच उत्तर होतं, आणि ते त्याला इतकं सरळ दिसलं की खडकाला हात लावायचा नाही म्हणून तिने बजावलं होतं, ते त्याला पायऱ्यांपुरतं वाटलं.

मे महिन्यात मला ठोक्यांचा आवाज आला. गेले. डेल्मरने शिवणीच्या दोन्ही बाजूंनी ग्रॅनाइटमध्ये ओळीने भोकं पाडली होती, प्रत्येकात पोलादाच्या दोन पट्ट्या आणि मध्ये पाचर. एकेका पाचरीवर एकेक ठोका, आणि पुन्हा पहिल्यापासून. ठोक्याचा आवाज चढत जातो, बारीक होत जातो. मग पाचरी गप्प होतात आणि दगड स्वतः उघडतो.

"हे काय करताय?"

"नेतो तिच्याकडे."

"सगळा?"

त्याने हाताने दाखवलं. गुडघ्यापासून खांद्यापर्यंतचा तुकडा, मध्ये लाल पट्टा, दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचा गाल. मला, खरं सांगते, गहिवरून आलं. मी म्हटलं, केवढं प्रेम हे! क्लाइडला मी ओरडून बोलावलं की बघ, शीक काहीतरी. क्लाइडने ट्रक आणला, लोखंडी दोर आणला. सगळी वस्ती आली. कुणाला काही गैर वाटलं नाही. आम्ही सगळे डोंगरातले. आम्हाला प्रेम ओझ्यावरून कळतं.

दगड उघडताना डाव्या बाजूचा ग्रॅनाइट खडी होऊन ढासळला. इतकी वर्षं डेल्मरला वाटत होतं की कच्ची ती शिवण असणार. शिवणीला ओरखडासुद्धा गेला नाही. एका गालाचा का होईना, तुकडा निघाला. मागे खडकात एक उभी खाच राहिली, पडलेल्या दातासारखी.

रविवारी मी बरोबर गेले. रुबार्बच्या आंबट देठांचा पाय केला होता, आणि शिवाय तिचं तोंड बघायचं होतं. प्वेब्लोत उकडत होतं. ट्वायला दाराबाहेरच्या सावलीत बसली होती, शेजारी तिथल्या शेजारीणबाई, मिसेस बाका, हिरव्या मिरच्या भाजून त्यांची सालं काढत होत्या. ट्वायला बारीक झाली होती, पण जीभ शाबूत. "आली गं आमची खबरबात! काय काय घेऊन आलीस? तो पाय ठेव बाजूला, बातम्या आधी दे."

डेल्मरने ट्रकचं मागचं फळकुट उघडलं आणि गोणपाट बाजूला केलं.

ट्वायलाने बघितलं. लगेच ओळखलं. मी वाट बघत होते की आता ही हसेल, रडेल, चार शिव्या देईल. ती बघतच राहिली. नळीतून हवा सुस् सुस् करत होती. मिसेस बाकांनी मिरची खाली ठेवली.

"आणलास," ती म्हणाली.

"हं."

"कापून आणलास."

"तुला बघायला."

मग ती अगदी हळू म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं, "म्हणजे मी आता वर यायची नाही, असं ठरलंय का, डेल्मर? डॉक्टर तुझ्याशी बोलले का काही? मला सांगायचं होतंस ना रे. दगड कशाला आणलास सांगायला?"

डेल्मरचं तोंड उघडलं. सुरुंग लावूनही ज्याच्यातून शब्द निघत नाही, तो माणूस तिथे ऊन अंगावर घेऊन उभा होता आणि शब्द शोधत होता, मला दिसत होतं, त्याला एकही मिळत नव्हता. डॉक्टर काही बोलले नव्हते. त्याने काही ठरवलं नव्हतं. त्याने फक्त एक दगड जिथे होता तिथून उचलून जिथे हवा तिथे आणला होता.

"नाही," एवढंच म्हणाला.

"मग परत ने," ट्वायला म्हणाली. "मी विचारायचे ना, आहे का, ते तो तिथे आहे म्हणून. मी इथे बसून तिथलं बघत होते रे. तो इथे आला तर मी तिथे कुठे येऊ?"

आम्ही परत आलो. पाय तसाच राहिला, बहुतेक मिसेस बाकांनी खाल्ला. सबंध खिंड चढेपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. क्लाइडला मी हे सांगितलं तेव्हा त्याने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

त्यानंतर डेल्मरने जे केलं ते सगळ्या वस्तीने बघितलं. तुकडा खाचेत परत बसवायचा. पण खडकातून काढलेला तुकडा बसतो कुठे? एक गाल खडी होऊन गेलेला. पाचरींनी कडा खाल्लेल्या. त्याने तो दोराने उभा केला, पाचरी मारल्या, पातळीत आणला, आणि मग उरलेल्या फटीत वाळू भरू लागला. नदीतून लाल वाळू आणायचा, चाळायचा, चुना आणि सिमेंट घालून ओली करायचा, आणि लांब सळईने आत ठासायचा. थोडी भरली की वरून गळायची. वाळली की आकसायची. जे भूकंपाने काही क्षणांत केलं, ते डेल्मर उन्हाळाभर करत राहिला. मॅरिसोल येऊन गेली. खाच बघून तिचा चेहरा उतरला. बाही वर करून तीही दोन दिवस वाळू चाळत बसली. भली पोर.

मी म्हटलं, "अहो डेल्मर, राहू दे ना आता. पुरे झालं."

"विचारते ती."

आणि ती विचारत होती. फोन रोज यायचा. टोमॅटोला पाणी मी घालतच होते. आधी ऐकू यायचं, "नाही अजून." "नाही." "करतोय." मग ऑगस्टच्या शेवटी, रंग जुळत नव्हता, सिमेंट राखाडी पडत होतं, एका बाजूने उजेड आरपार दिसत होता, आणि मी खिडकीखाली उभी होते, तेव्हा तो म्हणाला, "बसला."

मग, तिने पलीकडून काहीतरी विचारल्यावर, "हो. आधीसारखा."

माझ्या हातून झारी पडली. त्या माणसाला खोटं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. खोटं बोलायलासुद्धा बोलावं लागतं.

पलीकडे ट्वायला काय म्हणाली ते मला नंतर तिनेच सांगितलं. ती म्हणाली, "मग मला न्यायला ये. दगड परत जातो तर मीही जाते."

डॉक्टर नाही म्हणाला. भाची रडली. ट्वायलाने स्वतःच्या जबाबदारीवर जाते असं सगळ्यांना सांगितलं आणि पेटीवर बसून राहिली. बसली की बसली. डेल्मरने तिला सप्टेंबरमध्ये आणलं. ॲस्पेनची झाडं पिवळी झाली होती. आम्ही बायकांनी घर झाडून ठेवलं होतं, मिरची घातलेलं डुकराच्या मटणाचं कालवण ठेवलं होतं. ट्वायला घरात शिरलीच नाही. ऑक्सिजनचं नळकांडं ढकलत सरळ मागे गेली, थांबत थांबत, आणि खडकासमोर उभी राहिली.

वेडावाकडा तुकडा. राखाडी सिमेंट. वर एके ठिकाणी मुठीएवढं भोक. डेल्मर टोपी हातात घेऊन मागे उभा, मास्तरसमोर पोर उभं राहतं तसा.

"आधीसारखा?" ती म्हणाली.

त्याने मान खाली घातली.

"जन्मात एकदा खोटं बोललास डेल्मर, आणि तेही धड जमलं नाही."

मग ती हसली. हसताना खोकला आला, खोकताना वाकली, आणि त्याने तिला धरलं, आणि ती तिथेच खडकाला पाठ लावून खाली बसली, खडीत, नवा झगा घालून. हात मागे नेऊन तिने ती लाल शिवण चाचपली. "ही तरी थंडगारच आहे अजून," ती म्हणाली. "ये, बस इथे. उभा काय राहिलायस कपाटासारखा?"

मी तिथून निघाले. मी स्वतःहून निघाले, ही गोष्ट वस्तीत कुणाला खरी वाटत नाही.

डेल्मर रोज म्हणायचा, "उद्या खाली जाऊ." ट्वायला म्हणायची, "उद्या." तिला रोज थोडी थोडी कमी हवा मिळत होती, हे आम्हाला तिच्या ओठांवरून दिसत होतं. नळकांडी दोन झाली. ती तरीही बाहेर खडकापाशी बसायची, अंगावर दोन रजया, आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "बघा माझ्या नवऱ्याची कारागिरी. याच्याकडून धुराडं बांधून घेऊ नका." डेल्मरचे कान लाल व्हायचे, आणि ती तेवढ्यावर खूश असायची.

पहिला बर्फ पडायच्या आधी, भर दुपारी, डेल्मर कोंबड्यांना दाणे टाकत असताना, ती गेली. मी स्वयंपाकघरात तिच्यासाठी सूप गरम करत होते. खिडकीतून ती दिसत होती. मला वाटलं, झोप लागली. मी हाकसुद्धा मारली, "अगं ऊठ, सूप!" जास्तच मोठ्याने मारली, चिडवायला म्हणून. डेल्मरने वळून बघितलं आणि दाण्यांचा डबा टाकला.

दफनाला तो रडला नाही. आम्ही सगळे वाट बघत होतो. मॅरिसोल तेवढी रडली. नंतर जेवणाच्या वेळी मी त्याच्या पुढ्यात चेरीचा पाय ठेवला. मुद्दाम. त्याने खाल्ला, ताट पुसून ठेवलं, आणि मला म्हणाला, सबंध एक वाक्य म्हणाला, "मी बसला म्हणालो नसतो, तर ती तिकडे जिवंत असती, बोनी."

कुणी म्हणेल, अहो, ती घरी आली, तिला हवं तिथे गेली. आम्ही सगळ्यांनी ते त्याला सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. तो ऐकून घेतो. कुणाचं खोटं नाही, पण त्याच्या वाक्यातही खोट काढता येत नाही.

नोव्हेंबरमध्ये त्याने कोंबड्या मला दिल्या. पाइपातलं पाणी काढून टाकलं, शेगडी विझवली, खिडक्यांना फळ्या मारल्या. पहिल्याच गोठवणाऱ्या थंडीत खडकातलं सिमेंट फुगून बाहेर आलं आणि गळून पडलं. त्याने ते उचललं नाही. धडधाकट फुप्फुसांचा माणूस, ट्वायला तिथे असताना ज्याच्याने सपाटीवर एक रात्र काढवली नाही, तो प्वेब्लोत त्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला गेला. आम्ही म्हटलं, आता कशाला? तो ट्रकमध्ये बसला.

मी मागच्या महिन्यात गेले होते, अंडी घेऊन. त्याच्याच कोंबड्यांची. तो दाराबाहेर ट्वायलाच्या खुर्चीवर बसला होता, आणि मिसेस बाका नेहमीच्या जागी काहीतरी निवडत बसल्या होत्या. मला वाटलं, आता दोन घटका शांतता. पण तो बोलत होता. डेल्मर! माझ्या कानांवर माझा विश्वास बसला नाही, मी टोपलीसकट रस्त्यावरच थांबले.

मिसेस बाका म्हणत होत्या, "आणि रविवारी ती सकाळीच केस विंचरून बसायची. म्हणायची, माझं कपाट येणार आज. तुमचा ट्रक वळणावर दिसला की मला खुणावायची, आता तुम्ही आत जा म्हणून."

"रविवारचं मला माहीत आहे," डेल्मर म्हणाला. खुर्ची त्याने त्यांच्याकडे ओढून घेतली होती, कान पुढे केला होता. "सोमवारी काय करायची? मी गेल्यावर. सोमवारचं सांगा."